शनिवारची दुरुस्ती

आमच्या घरमालकीणबाईंची 'खोल्या भाड्याने देणे आहे' ही पाटी वाचून आमच्याआधी तीन बिऱ्हाडं फाटकावरूनच परत गेली होती. पाटी हिंदीत होती आणि बाईंनी स्वतःच्या हाताने रंगवली होती. 'ऊपर दो कमरे किराये से देना है. मई में बहुत तपते हैं. नल एक दिन छोड़कर आता है. मकान मालकिन का स्वभाव टेढ़ा है.' मला सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी आणि आई अकोल्याहून भोपाळला आलो होतो. हबीबगंज स्टेशनाजवळच्या लॉजवर चार दिवस काढून, 'चौबीस घंटे पानी' असं सांगणारी आणि नळ कोरडे ठणठणीत असणारी घरं बघून आमचं डोकं उठलं होतं. नेहरू नगरात ती पाटी दिसली आणि आई रस्त्यातच हसायला लागली. "इथंच राहू," ती म्हणाली. "वाईट काय आहे ते निदान आधीच कळलं."

आणि त्याच आईने पुढच्या दहा मिनिटांत त्या बाईंना थाप मारली!

बाई सत्तरीला टेकलेल्या, उंच, काटकुळ्या, नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. लग्न केलेलं नव्हतं. हवामान खात्यात रोजच्या नोंदी घेण्याचं काम करून निवृत्त झालेल्या. आम्हाला पाणी देऊन त्यांनी विचारलं, "दोघीच? आणि यजमान?" आई म्हणाली, "वारले. हार्ट अटॅकने. ही नऊ वर्षांची होती तेव्हा." माझे वडील वारले नव्हते. मी नऊ वर्षांची असताना ते दुसरा संसार थाटायला निघून गेले होते आणि सुरतेला सुखात नांदत होते. पण नवऱ्याने टाकलेली बाई म्हटली की लोक आधी विचारतात, तुम्ही काय केलं होतंत? विधवेला असं कुणी विचारत नाही. अकोल्यात आईने ते वर्षानुवर्षं ऐकून घेतलं होतं. नव्या गावात तिने एका वाक्यात वडिलांना मारून टाकलं. मी मान खाली घातली. वाईट वाटून नव्हे हं, हसू दिसू नये म्हणून.

अशा घरात आम्ही राहायला आलो, जिथे खोटं म्हणजे काय हे आम्हाला शिकायचं होतं!

मावशींच्या (मी त्यांना मावशी म्हणायला लागले) व्हरांड्यात एक तापमापक टांगलेला होता. मे महिन्यात गल्लीतला कुणीही "आज तो पैंतालीस होगा" असं म्हणत गेला, की आतून आवाज यायचा, "इकतालीस दशमलव तीन!" त्या आवाजात असा काही आनंद असायचा की गल्लीतली माणसं मुद्दाम आकडा वाढवून बोलायची. उद्याचा पाऊस विचारला तर म्हणायच्या, "उद्याचं मला ठाऊक नाही, कालचं विचार." त्यांचं एक पेटंट वाक्य होतं, "दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही." 'पाच मिनिटांत येते' असं त्या कधी म्हणत नसत, 'अठरा मिनिटं लागतील' म्हणायच्या आणि सतराव्या मिनिटाला आल्या तर फाटकाबाहेर एक मिनिट उभ्या राहायच्या! विम्याचा एजंट आला की सगळी गल्ली 'घर पर नहीं हैं' म्हणून सांगायची. मावशी दार उघडून सांगायच्या, "घर पर हूँ. आपसे मिलने की इच्छा नहीं है." तो एजंट पुढे त्यांचा इतका भक्त झाला की नाताळला केक घेऊन यायचा. तेव्हा मात्र त्याला भेटायची इच्छा असायची.

पण खरी गंमत होती ती रुमालाची. त्यांच्याकडे एक पांढरा सुती रुमाल असायचा. दिवसभरात तोंडून काही खोटं निसटलं, भिडेखातर, घाईत, सवयीने, की त्या तिथल्या तिथे रुमालाला एक गाठ मारायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असे. त्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी मावशी इस्त्रीची साडी नेसून, गाठी मारलेला रुमाल हातात धरून गल्लीत निघायच्या. ज्याच्याशी खोटं बोललं गेलं त्याच्या दारात उभं राहायचं, म्हणायचं, "दुरुस्ती करायला आलेय," सांगायचं, तिथंच गाठ सोडायची आणि पुढच्या दारी जायचं.

काय एकेक दुरुस्त्या! समोरच्या वकिलीणबाईंना, "परसों मैंने कहा था आपके पर्दे सुंदर हैं. सुंदर नहीं हैं. कपड़ा अच्छा है, रंग ख़राब है." भाजीवाल्याला, "मैंने कहा था नाके पर भिंडी सस्ती है. मैंने वहाँ पूछा ही नहीं था." मला, "त्या दुपारी तू विचारलंस, झोपला होतात का, मी नाही म्हणाले. झोपले होते. घोरत होते." वकिलीणबाई तीन दिवस बोलल्या नाहीत आणि चौथ्या दिवशी पडदे बदलले. शनिवार आला की गल्लीतल्या बायका धडधडत्या काळजाने दारात बसायच्या. आपल्या दारी येणार का? काय सांगणार? मला तर सिनेमापेक्षा जास्त मजा यायची.

मी एकदा विचारलं, "मावशी, एवढ्याशा गोष्टीला कसलं पाप? देव काय भेंडीचे भाव बघतो?"

"देवाचं सोड," त्या म्हणाल्या. "भाजीवाल्याचं बघ. मी खोटं बोलले म्हणून त्याने दोन रुपये सोडले आणि दिवसभर नाक्यावरच्या माणसाचा राग केला. दोन माणसांत मी भिंत बांधली. आमचा प्रभू म्हणतो, होय तर होय म्हणा, नाही तर नाही म्हणा. मधलं जे काही बोलतो ना आपण, त्या सगळ्या विटा असतात. आणि भावाशी बिनसलेलं ठेवून माझ्या टेबलापाशी येऊ नका, आधी जाऊन मिटवून या, हेही त्यानंच सांगितलंय. म्हणून शनिवार."

त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून पहिल्या रविवारी मी त्यांना स्कूटीवरून चर्चला सोडायची आणि मागच्या बाकावर बसून राहायची. माणसं ओळीओळीने पुढे जाऊन प्रभुभोजनाच्या टेबलासमोरच्या कठड्यापाशी गुडघे टेकायची, भाकर आणि द्राक्षारस घ्यायची. मावशी उठल्या की त्यांचे गुडघे कटकट वाजायचे, पण परत येताना चेहरा असा असायचा, जणू नुकत्याच पहिल्या नंबराने पास झाल्या आहेत. महिनाभर त्या या एका क्षणासाठी जगायच्या, असं मी म्हटलं तर त्यांनीही दुरुस्ती केली नसती.

आता माझ्या लग्नाची गोष्ट. तोवर आम्हाला त्या घरात सहा वर्षं झाली होती.

भोपाळातल्याच कोटऱ्यातलं एक स्थळ आलं. मूळ नागपूरचे, आजोबा सरकारी कचेरीबरोबर इकडे आलेले, आता पुरते भोपाळी. मुलगा एम. पी. नगरातल्या कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवायचा. आम्ही दोनदा भेटलो आणि दुसऱ्या भेटीनंतर मी घरी येऊन दोन वेळा जेवले, इतका मला तो आवडला! मग रीतीप्रमाणे मुलाची आई आणि तिची बहीण चौकशीला आल्या. आमच्याकडे नव्हे, घरमालकिणीकडे! आई आणि मी वरच्या जिन्यात कान देऊन बसलो.

"मुलगी कशी आहे?" मुलाच्या आईने विचारलं.

"कष्टाळू आहे," मावशींचा आवाज आला. "वरण पातळ करते. रागीट आहे, रागावली की जिन्यात पाय आपटते. खोटं बोलते, पण लगेच पकडली जाते. आजारपणात माझी उशापायथ्याची सेवा केली तिने, तेही न सांगता."

मी कपाळाला हात लावला.

"आणि वडील?"

"वारले. हार्ट अटॅकने. ती नऊ वर्षांची असताना."

आईने माझा हात असा घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला. खाली मुलाची आई आपल्या बहिणीला म्हणत होती, "देख, जी बाई एवढ्या कमियाँ सांगते, तिची तारीफ तर पक्की असेल ना! मला नाही वाटत अजून कुठे पूछताछ करायची गरज आहे." त्या संध्याकाळी होकार आला. लग्न दिवाळीनंतर करायचं ठरलं. आई देवापुढे साखर ठेवून रडली, मी गच्चीवर जाऊन नाचले! आमचं खोटं मावशींच्या खरेपणावर पास झालं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी मी कामावरून आले तर मावशी व्हरांड्यात उभ्या. "आईला खाली बोलाव," म्हणाल्या. आई पदराला हात पुसत आली.

"ताई, आज दुपारी एक गृहस्थ आले होते. म्हणाले, मुलीचं लग्न ठरल्याचं चुलतभावाकडून कळलं, मी तिचा बाप. मी म्हटलं, तिचे वडील वारलेत. ते हसले. मग मोबाईलवर तुमच्या लग्नाचा फोटो दाखवला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "फोटो नसता तरी चाललं असतं. नाक हिचंच होतं."

"मग हाकलायचं होतंत!" आई म्हणाली.

"हाकललं नाही. पाणी दिलं. साडीचा खोका ठेवून साडेतीनला गेले." खोका त्यांनी आईपुढे धरला. आईने हात लावला नाही. "ताई, त्या लोकांना मी माझ्या तोंडाने सांगितलं, वारले म्हणून."

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं? नकळत बोललं तर पाप कसलं?"

"त्या दिवशी नव्हतंच. आज साडेतीनला झालं. कळल्यावरही तसंच राहू दिलं, की ते माझं झालं."

आईचा तोल सुटला. सहा वर्षांत मी तिला असं बोलताना पाहिलं नव्हतं. "मग जा! इस्त्रीची साडी नेसा आणि जाऊन सांगा! मोडा माझ्या पोरीचं लग्न! तुमच्या दहा आज्ञांत शेजाऱ्याचं काहीतरी आहे ना? आम्ही कोण तुमच्या?"

मावशींनी तो खोका पायरीवर ठेवला. म्हणाल्या, "शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, असं आहे. आणि इथं शेजारी दोन्हीकडे आहेत." मग हळूच, "माझं खोटं दुरुस्त करायला गेले तर तुमचं उघडं पडतं. तुमचं उघडं करायचा हक्क मला कुणी दिला नाही. ते तुम्हीच सांगायला हवं." त्यांनी रुमाल काढला, एक गाठ मारली आणि आत निघून गेल्या.

मी घाबरून अर्धमेली झाले. मे महिन्याचा पहिला रविवार आठ दिवसांवर होता. शनिवारी संध्याकाळी मावशी फिरतीवर निघाल्या तेव्हा मी गच्चीवरून बघत होते. वकिलीणबाई झाल्या, भाजीवाला झाला. नाक्यावर त्या थांबल्या. तिथून कोटऱ्याची रिक्षा मिळते. मी मनात मोजत होते, एक, दोन, तीन! त्या वळल्या आणि घरी आल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. किती मूर्ख होते मी!

रविवारी चर्चमध्ये त्यांची ओळ उठली. माणसं पुढे गेली. मावशी उठल्या नाहीत. गुडघे आवळून, मांडीवर तो रुमाल धरून, एकट्या बाकावर बसून राहिल्या. शेजारची बाई वाकून म्हणाली, "दीदी, चलिए." त्यांनी मान हलवली. परत येताना स्कूटीवर मी विचारलं, "गुडघे दुखतात का?" अहो, कुणाला विचारतेय मी! "दुखतात," त्या म्हणाल्या, "पण म्हणून नाही."

मी आईला सांगितलं. आई भाजी चिरत होती. म्हणाली, "तिचा धर्म, ती बघेल." आणि मग भाजीत दोनदा मीठ घातलं.

जूनमध्येही त्या उठल्या नाहीत. आता मात्र चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. बाहेर झाडाखाली पाळकसाहेबांनीच विचारलं, तब्येत ठीक आहे ना? मावशींना 'हो, जरा गुडघे' म्हणता आलं असतं. कुणीही म्हटलं असतं. पण त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तबियत ठीक है. मैंने झूठी गवाही दी है. सुधार नहीं सकती, क्योंकि वो अकेली मेरी नहीं है. इसलिए टेबल पर नहीं आती." ज्या बाईने आयुष्यभर भेंडीचे भाव दुरुस्त केले, तिने झूठी गवाही दिली! एकीने तर पदर सावरून दोन पावलं मागे घेतली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, खोटं आम्ही बोललो, तिने नाही! मी ओरडले नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या दिवशी घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, पाळकांचं, अंगणाचं, मागे घेतलेल्या दोन पावलांचंही. "आई, तुला लोक जे विचारायचे ना अकोल्यात, काय केलं होतंत म्हणून? आता तिला विचारताहेत." त्यानंतर आई खाली गेली की मावशींच्या दोरीवर वाळत घातलेल्या त्या रुमालाकडे बघायची. मावशी तो गाठीसकट धुवायच्या. धुऊन धुऊन गाठ सुपारीसारखी टणक झाली होती.

जुलैच्या पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी आई इस्त्रीची साडी नेसून जिना उतरली. मावशी पर्जन्यमापकातलं पाणी बघत होत्या. आईने हात पुढे केला. "तुमचा रुमाल द्या."

"कशाला?"

"ती गाठ माझी आहे."

मावशींनी रुमाल दिला. "मी येऊ?" त्यांनी विचारलं. "नको," आई म्हणाली. "दुरुस्ती ज्याची त्याने करायची."

मी स्कूटी काढली. कोटऱ्याच्या रस्त्याला लागलो. लग्न मोडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी गाडी जोरात हाणत होते! दार मुलाच्या आईने उघडलं. "अरे, अचानक! या ना, या." आई सोफ्याच्या कडेला बसली, रुमाल मुठीत. मुलाच्या वडिलांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मुलगाही आतून आला.

"मी दुरुस्ती करायला आलेय," आई म्हणाली. "हिचे वडील वारलेले नाहीत. मला टाकून गेलेत. सुरतेला असतात. वारले असं मी सांगितलं. घरमालकीणबाईंनी तुम्हाला जे सांगितलं ते माझंच ऐकून. त्यांना ठाऊक नव्हतं. कळल्यापासून त्या माउलीने आपल्या देवाच्या टेबलाला हात लावलेला नाही."

मुलाची आई म्हणाली, "तुम्ही पहिलेच सांगितलं असतं तर आम्ही कदाचित आलोच नसतो. सच सांगते."

"म्हणूनच नाही सांगितलं," आई म्हणाली. "तेही सच."

मुलगा माझ्याकडे बघत म्हणाला, "मम्मी, पण आता तर मी आलोय ना."

"तू थांब रे." ती उठली, आत गेली, आणि चहा घेऊन आली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "आम्ही विचार करून कळवू."

आमच्या लोकांत याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. आई मात्र उठता उठता थांबली. "विचार करू म्हणजे नाही ना? तसं असेल तर नाहीच म्हणा. मला चालेल."

मुलाच्या आईला हसू आलं. "नाही हो. विचार म्हणजे विचारच. आठ दिवस लागतील."

आणि त्यांना बरोब्बर आठ दिवस लागले. काय कळवलं ते एवढ्यावरून ओळखा, की हे मी कोटऱ्यातल्या त्याच सोफ्यावर बसून लिहितेय, आणि आमच्या पत्रिकेत वडिलांच्या नावामागे 'कै.' छापलेलं नव्हतं. पण आठ दिवसांनंतरचा तो होकार मला आता नीट आठवतही नाही. आठवते ती त्याच शनिवारची परतीची संध्याकाळ, जेव्हा आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं.

मावशी फाटकाशी उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या ते विचारलं असतं तर मिनिटं सांगितली असती. आई व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि गाठ सोडायला लागली. नखांनी सुटेना. सेफ्टी पिन घातली, सुटेना. शेवटी आईने ती दातात धरली आणि ओढली. रुमाल सुटला, मधोमध चुरगळलेला, पण सुटला. आईने तो मांडीवर हाताने सपाट केला आणि मावशींना दिला. मावशींनी तो दोन्ही हातांत घेतला. "उद्या मला सोडशील ना चर्चला?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांना मिठीच मारली! त्या काटकुळ्या, कडक बाईला सहा वर्षांत पहिल्यांदा.

"काय म्हणाले ते लोक?" मिठीतूनच त्यांनी विचारलं.

"आठ दिवसांनी सांगतो म्हणाले," आई म्हणाली. मग तिने आपला पदर हातात घेतला, टोक शोधलं, आणि त्याला एक छोटी गाठ मारली.

"ही कसली आता?" मावशी दचकल्या.

"त्यांना सांगितलं मी," आई म्हणाली, "चहा छान झालाय म्हणून."